घरात पाणी आलं तेव्हा

या व्याख्यानमालेत गेल्या वेळी आपण राज्यं, लढाया आणि तह यांच्याविषयी बोललो. आज विषय अगदी घरगुती घेतला आहे. मोरीतला नळ. कुणी म्हणेल, तत्त्वज्ञानाच्या माणसानं निवृत्तीनंतर नळदुरुस्ती सुरू केली की काय! तसं नाही. झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत दोन दिवस पाणी आलं नाही. आमचा नातू नऊ वर्षांचा. तो तोटी उघडून तिच्याकडे बघत उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "आजोबा, पाणी कुठून येतं?"

त्याची आई म्हणाली, "गच्चीवरच्या टाकीतून." तो म्हणाला, "टाकीत कुठून येतं?" "खालच्या टाकीतून." "तिच्यात?" मग सगळे गप्प. सुशिक्षित माणसांचं घर, पण कुणालाच नीट उत्तर देता येईना. त्याला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते जरा लांबलचक आहे. ते आज इथे देऊन टाकतो.

आधी नळ नसलेलं घर डोळ्यांसमोर आणा. आम्ही पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्यात जन्मलो. आमच्या जन्माआधीच वाड्यात नळ आला होता, पण मागच्या चौकात आड होता, रहाट होता, आणि आजीच्या बोलण्यात तर नळापेक्षा आडच जास्त होता. पोहरा, चऱ्हाट, घागर, कळशी, हंडा, चुंबळ, घंगाळ, बंब... पाण्याभोवती केवढे शब्द होते पाहा. आज आमच्या घरात पाण्याचे शब्द तीन उरले आहेत. टाकी, नळ आणि बाटली. शब्द गेले, कारण त्या शब्दांमागचं काम गेलं.

ते काम कुणाचं होतं? श्रीमंताघरी पाणक्या असे. बाकी सगळीकडे घरातल्या बायकांचं. आजी सांगायची, लग्न होऊन आली तेव्हा पहाटे उठून आधी पंचवीस कळश्या पाणी काढायचं, मग चूल. बाळंतपणातले काही दिवस सोडले तर त्याला सुट्टी नाही. तिच्या तळहातावर चऱ्हाटाचे घट्टे होते. आम्ही लहानपणी ते बोटांनी चाचपून बघायचो. घरात नळ आल्यावरही कितीतरी वर्षं ते गेले नाहीत. इतिहासाची साधनं म्हणून आपण ताम्रपट वाचतो, बखरी वाचतो. हाही एक लेखच होता म्हणायचा. तो वाचायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता शहराकडे वळू. पुण्यात बाहेरून पाणी आणण्याची कल्पना इंग्रजांची नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बांधीव भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले आणि शहरात हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुणेकर आजही पत्ता सांगताना वापरतात, जरी तिथे हौद शोधायला गेलात तर वाहनांची गर्दीच दिसेल. हे पाणी चौकापर्यंत येई. चौकापासून घरापर्यंत ते डोक्यावरून, कमरेवरून यायचं. म्हणजे कात्रजपासून हौदापर्यंतचा प्रवास स्थापत्याचा आणि हौदापासून मोरीपर्यंतचा बायकांच्या मानेचा.

मुंबईची गोष्ट निराळी. बेट असल्यानं चहूकडे पाणी आणि प्यायला मात्र वानवा. पाऊस कमी पडला की तलाव, विहिरी आटायच्या. शेवटी साष्टीत विहार तलाव बांधला आणि १८६० मध्ये त्याचं पाणी लोखंडी नळांतून शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पुण्यासाठी खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. ही धरणं, कालवे, नळ पुढच्या पन्नास-साठ वर्षांत एकेका पेठेत, एकेका वाड्यात शिरत गेले. आधी गल्लीच्या तोंडाशी एक नळ, मग वाड्यात एक, मग बिऱ्हाडागणिक एक. गिरगावच्या चाळीत आमची मावशी राहायची. तिथे मजल्यावर एकच नळ. मावशी म्हणायची, "अरे, या नळावर माझं निम्मं आयुष्य भांडणात गेलं आणि निम्मं गप्पांत." म्हणजे सुख एका दिवसात आलं नाही. रांगेत उभं राहून आलं.

आणि आलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं असं समजू नका. आमच्या आजीचंच उदाहरण घ्या. नळाचं पाणी धुण्याभांड्याला चालायचं, पण देवाला आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकाला आडाचंच पाणी हवं. का? तर नळाच्या आत चामड्याचा वायसर असतो! वडील तिला चिडवायचे, "आई, शेताला पाणी देतात ती मोट कशाची असते गं?" मोट चामड्याची. त्या मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला आजीला चालायचा. आजी म्हणायची, "ते शेतात. हे घरात." आम्हाला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, आजीनं दोन शब्दांत फार मोठी गोष्ट सांगून टाकली होती. शिवाशिव ही पाण्याच्या गुणधर्मांची बाब कधी नव्हतीच. ती उंबरठ्याची बाब होती. बाहेर काय चालतं हे गरज ठरवी आणि आत काय चालतं हे जात ठरवी.

मुंबईत असाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी हिवतापाची पाहणी करून अहवाल दिला, की शहरातल्या विहिरींमध्ये डास वाढतात, तेव्हा त्या बुजवा, नाहीतर झाका. नळ तर घरात आले होते. तरी हिंदूंनी हरकती घेतल्या, पारशांनी घेतल्या. विहीर ही त्यांच्या लेखी नुसती सोय नव्हती, ती पूजेची जागा होती. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही जपलेली आहे. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. पाणी देणाऱ्या जागेशी माणसाचं नातं असतं आणि नळाशी ते जडत नाही, हे त्यांना कुठेतरी जाणवत होतं.

पण श्रोतेहो, इथे आपण थांबलो तर गोड आठवणींचं व्याख्यान होईल. आजी, आड, रहाट, गेले ते दिवस! पाणवठ्याचा इतिहास तेवढाच नाही. आडाभोवती बायका जमत, सुखदुःख बोलत, हे खरं. आणि त्याच आडापासून काही माणसांना कायम लांब उभं केलं जाई, हेही तितकंच खरं. त्यांनी घागर घेऊन दूर थांबायचं. कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. दया आली नाही तर तसंच थांबायचं.

१८६८ मध्ये पुण्यातच जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. नीट लक्षात घ्या, घरचा हौद. व्यासपीठावर भाषण करणं एक, ठराव करणं दुसरं आणि ज्या हौदातलं पाणी आपण पितो त्याच हौदात दुसऱ्याची घागर बुडू देणं तिसरं. आजी म्हणायची ना, "ते शेतात, हे घरात"? फुल्यांनी तो उंबरठाच काढून टाकला.

पुढे १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकारानं मुंबई कायदे मंडळात ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं त्यावरून चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, आणि मग तळ्यात पंचगव्य ओतून त्याची 'शुद्धी' केली गेली. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्या तळ्याची! दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. नंतर आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. देशाच्या राज्यघटनेत विहीर का लिहावी लागली, हे ज्याला कळलं त्याला या देशाचा बराच इतिहास कळला.

आता एक योगायोग सांगतो. तो नुसता योगायोगच आहे, त्यातून सिद्ध काहीच होत नाही. त्याच १९२७ साली जर्मनीत मार्टिन हायडेगर यांचा 'बीइंग अँड टाइम' या नावानं इंग्रजीत ओळखला जाणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्ही तो कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवला. त्यात हातोडीचं प्रसिद्ध उदाहरण आहे. हातोडी नीट चालत असते तेव्हा सुताराचं तिच्याकडे लक्षच नसतं. त्याचं लक्ष कामाकडे. हातोडी मोडली, की मग ती एकदम डोळ्यांत भरते. वापरातली वस्तू जितकी नीट चालते तितकी ती दिसेनाशी होते.

घरातल्या सुखसोयींचं अगदी असंच असतं. नळ चालू आहे तोवर नळ नाहीच. नातवानं त्याच्याकडे पाहिलं ते पाणी गेलं तेव्हा. पण हायडेगर यांच्या उदाहरणात जरा भर घालावी लागेल. वस्तू दिसेनाशी होते तेव्हा तिच्यामागची माणसंही दिसेनाशी होतात. आजीचे घट्टे दिसेनासे झाले. आडापासून लांब उभं राहणारा माणूस दिसेनासा झाला. तो कुठे गेला? त्याच्याही वस्तीत कधीतरी नळ आला, उशिरा आला, पण आला. आता तो आपल्या आडावर येईना आणि आपण त्याच्या वस्तीत जाईना. शहरात पाण्याचा प्रश्न विचार बदलून सुटला की नळ टाकून सुटला? आमचं उत्तर असं, की प्रश्न सुटला नाही, फक्त तो जिथे दिसायचा ती जागा गेली. आणि हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. त्याची एक आठवण आहे, ती सांगायची म्हणून तर हा विषय घेतला.

१२ जुलै १९६१. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. आदल्या रात्री पानशेतच्या बांधावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खाली आला आणि सुमारे ऐंशी वर्षांचं खडकवासला धरणही फुटलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमचा वाडा उंच भागात होता म्हणून वाचला, पण वाड्यात ओळखीची, बिनओळखीची तीस-चाळीस माणसं येऊन राहिली. वीज गेली. आणि नळाला पाणी नाही. ज्या धरणातून पाणी यायचं ते धरणच उरलं नव्हतं. गावभर पाणी पसरलेलं आणि प्यायला थेंब नाही!

मग मागच्या चौकातल्या आडाची आठवण झाली. त्यावरचं फळकुट काढलं, रहाटाला तेल घातलं, चऱ्हाट नवीन आणलं. आजीला तर स्फुरण चढलं होतं. "बघा, नळ नळ करत होतात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. वाड्याचा मागचा दरवाजा उघडला आणि गल्लीतली माणसं भांडी घेऊन रांगेत लागली. वडीलधारे पाणी शेंदायचे आणि आम्ही मुलं कळशीनं लोकांची भांडी भरून द्यायचो. शाळेला सुट्टी, हातात काम, मोठ्यांची शाबासकी. खोटं कशाला बोलू, आम्ही आनंदात होतो.

रांगेत आमची गल्ली झाडणाऱ्या बाई आल्या. म्हणजे रांगेत नाही, रांगेच्या बाजूला, भिंतीला लागून. रोज सकाळी त्यांचा खराटा ऐकू यायचा, पण आमच्या दारातून आत आलेल्या त्यांना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता, त्याची कड वाकलेली. त्यांचा नंबर कुणी सांगितला नाही, त्यांनीही मागितला नाही. बरीच माणसं झाल्यावर त्यांनी डबा जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. आम्ही कळशी घेतली आणि पाणी ओतलं. वरून. हातभर उंचीवरून.

आम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आजी तिथे नव्हती, वडील रहाटावर होते, पाठ करून. आधीच्या माणसांची भांडी आम्ही कळशी टेकवून भरली होती. इथे हात आपोआप वर गेला. उंचीवरून ओतल्यामुळे पाणी डब्याच्या वाकलेल्या कडेवर आपटलं आणि बरंचसं फरशीवर गेलं. त्या बाई हळूच म्हणाल्या, "सांडतंय, बाळ." एवढंच. रागानं नाही, गयावया करून नाही. जसं दिसलं तसं सांगितलं. आम्ही कळशी तरी खाली नेली का? नाही. आम्ही आणखी पाणी ओतलं, तसंच, वरून, डबा भरेपर्यंत. त्या डबा उचलून गेल्या.

घरात कुणाला हे सांगण्यासारखं वाटलंच नाही, कारण आपण काही केलं असं त्या दिवशी वाटलंच नव्हतं. पुढे महाविद्यालयात महाडविषयी वाचताना त्या एका वाक्यापाशी आम्ही अडखळलो, पाणी वरून ओतण्यापाशी. तोवर आमची समजूत होती, की हे सगळं जुन्या काळातल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून झालं. चाळीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं. कर्तव्य, संकल्प, स्वातंत्र्य यांवर वर्ग घेतले. पण आमच्यापुरता नीतिशास्त्राचा मूळ प्रश्न हाच राहिला आहे, की न शिकवता तो हात वर कसा गेला? संविधान लागू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. म्हणजे ते आणि आम्ही साधारण एका वयाचे.

उत्तर बहुधा असं असेल. नळ आला तेव्हा घरातली सवय मोडावी लागली नाही. ती नुसती वापरात राहिली नाही. आजीच्या देवघरात, मोरीबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात, कुणाला कुठपर्यंत आत घ्यायचं याच्या न बोललेल्या नियमांत ती शाबूत होती. नळ बंद पडला आणि आडाबरोबर तीही वर आली. म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्या पोहऱ्यात आलं, कारण आडात होतं.

यावर कुणी म्हणेल, मग नळ आला हे वाईट झालं का? मुळीच नाही. आजीला विचारलं असतंत तर तिनंही मनातून तसं म्हटलं नसतं. पंचवीस कळश्यांच्या आठवणी काढणं वेगळं आणि त्या रोज काढणं वेगळं. आमच्या बहिणी शाळेत गेल्या, पुढे शिकल्या, त्यात नळाचा वाटा आहे. आणि ज्यांना आडावर येऊ दिलं नाही त्यांच्यासाठी तर कुणाच्या दयेवाचून मिळालेलं पाणी ही फार मोठी गोष्ट. आमचं म्हणणं एवढंच, की सोय ही न्यायाची जागा घेत नाही. सोय आली की न्यायाचा प्रश्न मागे पडतो, आणि मागे पडलेला प्रश्न सुटलेला वाटू लागतो.

आजही पाहा. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. आजीचे घट्टे नाहीसे झाले नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर गेले, आणि ते हात आमच्या घरापासून इतके लांब आहेत की आमच्या नातवाला चाचपून बघता येणार नाहीत.

तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर असं. बाळा, आपल्या घरात पाणी खडकवासल्याहून येतं. खडकवासल्यात पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांमधून येतं. त्या धरणांखाली काही लोकांची घरं आणि शेतं गेली. तिथून पाणी कालव्यानं आणि नळानं येतं. ते शुद्ध करणारी, वर चढवणारी, रात्री-अपरात्री चावी फिरवणारी माणसं आहेत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्याआधी ते पणजीच्या हातानं आडातून यायचं. आणि काही माणसांना ते मिळायचं नाही, किंवा मिळालं तर वरून मिळायचं.

शेवटचा भाग आम्ही त्याला अजून सांगितलेला नाही. धीर झाला नाही. तो आमची व्याख्यानं ऐकत नाही, म्हणतो आजोबा फार हळू बोलतात. पण ही लिहून निघतील, कधीतरी तो वाचेल, म्हणून इथे बोलून ठेवलं.